रायफलची नळी केव्हा बदलावी? : झिजेचा इतिहास (१८५७ ते १९४५)

प्रस्तावना

१८५७ च्या उठावाचा अभ्यास करताना चरबी लावलेल्या काडतुसांचा उल्लेख प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाचनात येतो. ती चरबी गाईची होती की डुकराची, कंपनी सरकारने चूक केली की हलगर्जी, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण मुळात काडतुसाला चरबी लावण्याची गरजच का पडली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर रायफलच्या नळीत आहे.

या पाठात आपण रायफलच्या नळीचा इतिहास एका विशिष्ट बाजूने पाहणार आहोत. नळी का खराब होते, ती खराब झाली हे कसे ठरवतात आणि ती केव्हा बदलतात, हे तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत. वरवर पाहता हे कारागिराचे प्रश्न वाटतात. परंतु 'नळी संपली' हा निर्णय केवळ पोलादाकडे पाहून घेतला जात नाही. त्यामागे दारूचे रसायन, कारखान्याची क्षमता, तिजोरीतील पैसा आणि ते शस्त्र कोणाच्या हातात द्यायचे याचे राजकारण असते. म्हणून हा विषय इतिहासाचाही आहे.

काळ्या दारूचा काळ : नळीत साचणारे किटण

जुन्या मस्केटची नळी आतून गुळगुळीत असे. रायफलच्या नळीत मात्र पेचदार खाचा पाडलेल्या असतात. दोन खाचांमधील उंचवटे गोळीला धरतात आणि तिला स्वतःभोवती फिरवत बाहेर सोडतात. भोवरा फिरताना जसा उभा राहतो, तशी फिरणारी गोळी हवेत आपले तोंड पुढे ठेवून जाते. रायफलची सारी अचूकता या खाचांवर अवलंबून असते.

१८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलच्या नळीत अशा तीन खाचा होत्या. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने आत ठासावी लागत. काळी दारू जळाली की तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन राखेच्या रूपाने मागे राहतो. हे किटण खाचांत साचले की पुढची गोळी आत जाईना. गोळीभोवतीच्या कागदाला लावलेली चरबी किटण मऊ करीत असे आणि गोळी सहज खाली सरकत असे. म्हणजे ज्या चरबीने बराकपूर आणि मेरठ पेटले, ती नळी स्वच्छ ठेवण्याच्या खटपटीतून आली होती.

याच काळात विल्यम एलिस मेटफर्ड नावाचा इंग्रज अभियंता ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीसाठी १८५७ मध्ये भारतात उतरला. उठावाच्या धामधुमीत त्याने मुंगेरच्या संरक्षणाच्या कामात भाग घेतला आणि प्रकृती ढासळल्यामुळे तो लवकरच मायदेशी परतला. पुढे त्याने नळीच्या खाचांवर दीर्घकाळ प्रयोग केले. खोल आणि कोनदार खाचांच्या कोपऱ्यांत किटण अडकते, म्हणून खाचा उथळ आणि गोलसर असाव्यात, असा त्याचा विचार होता. त्याच्या सात खाचांच्या नळीत खाचेची खोली इंचाच्या अवघ्या चार हजारांश भागाएवढी, म्हणजे साधारण वहीच्या पानाच्या जाडीइतकी होती. काळ्या दारूसाठी हा उपाय उत्तम ठरला.

डिसेंबर १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने जेम्स पॅरिस ली याची यंत्ररचना आणि मेटफर्डची नळी एकत्र करून नवी रायफल स्वीकारली. तीच ली-मेटफर्ड. तिच्या नळीचा व्यास ०.३०३ इंच होता. आपल्याकडे आजही 'थ्री नॉट थ्री' म्हणतात ते या आकड्यावरून.

कॉर्डाइट आले आणि प्रश्न उलटला

ही रायफल स्वीकारली गेली तेव्हा युरोपातील दारूच बदलत होती. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूर न करणारी दारू तयार केली. आल्फ्रेड नोबेलने १८८७ मध्ये बॅलिस्टाइट आणले. १८८९ मध्ये फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी ब्रिटिश सरकारसाठी कॉर्डाइट बनवले. त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलीन होते. शेवयांसारख्या लांब दोऱ्यांच्या रूपात ते असे, म्हणून हे नाव पडले.

.३०३ च्या सुरुवातीच्या काडतुसात काळी दारू सुमारे ७० ग्रेन वजनाची असे. कॉर्डाइट सुमारे ३० ग्रेन पुरे. धूर जवळपास नाहीसा झाला, किटण उरले नाही आणि गोळीचा वेगही वाढला. मेटफर्डने ज्या शत्रूविरुद्ध आयुष्यभर लढा दिला, तो शत्रूच नाहीसा झाला.

पण नवा शत्रू आला. कॉर्डाइटचा जाळ काळ्या दारूपेक्षा कितीतरी उष्ण होता. आता नळीत काही साचत नव्हते, उलट नळीच हळूहळू निघून जात होती. मेटफर्डच्या उथळ आणि गोलसर खाचांत मुळातच पोलाद कमी होते. उंचवटे थोडे झिजले की गोळीला धरायला काही उरत नसे. जी रचना काळ्या दारूसाठी गुणकारी होती, तीच नव्या दारूसाठी दुर्बळ ठरली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे वारंवार दिसते. एका अडचणीवरचा नेमका उपाय परिस्थिती बदलताच दुसरी अडचण बनतो.

झीज नेमकी कशी होते?

गोळी घासून नळी झिजते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. नळीच्या तीन जागी तीन वेगळ्या कारणांनी हानी होते.

*पहिली जागा : नळीचा गळा.* काडतूस बसते त्या खोलीच्या लगेच पुढे, जिथे खाचा सुरू होतात, तो भाग म्हणजे गळा. स्फोटाचा वायू इथे सर्वांत उष्ण असतो. त्याचे तापमान पोलादाच्या वितळणबिंदूच्या, म्हणजे सुमारे १५०० अंश सेल्सियसच्या, बरेच वर जाते. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचे एक-दोन हजारांश पुरतात, म्हणून नळी वितळत नाही. परंतु पृष्ठभागाचा अतिशय पातळ थर प्रत्येक वेळी तापतो आणि लगेच थंड होतो. वायूतील कार्बन आणि नायट्रोजन त्या थरात शिरून तो ठिसूळ होतो. सुकलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा बारीक भेगा त्यात पडतात. पुढच्या गोळीमागून येणारा वायू त्या भेगांच्या कडा उडवून नेतो. अशा रीतीने गळा पुढे पुढे सरकतो, आणि खाचांना भिडण्यापूर्वीच गोळी सैल धावू लागते.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. शंभर गोळ्या सावकाश झाडणे आणि त्याच शंभर गोळ्या एका दमात झाडणे यांत नळीच्या दृष्टीने फार फरक आहे. तापलेली नळी लवकर झिजते.

*दुसरी जागा : नळीचे तोंड.* इथे उष्णता कमी असते, पण गोळी नळी सोडते ती इथून. तोंडाची कड एका बाजूला झिजली तर वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का बसतो. ही झीज बहुधा शिपायाच्याच हाताने होत असे. ज्यांनी एनसीसीत रायफल साफ केली असेल त्यांना पुलथ्रू आणि चिंदी माहीत असेल. दोरीला चिंदी अडकवून ती नळीतून ओढतात. दोरी तिरकी ओढली आणि तिला धूळ किंवा वाळू लागलेली असली, तर ती कानशीसारखे काम करते आणि तोंडाशी चर पाडते. म्हणून दोरी नळीच्या सरळ रेषेत ओढण्यावर उस्ताद इतका भर देतात.

*तिसरी गोष्ट : गंज.* त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर मिठासारखा क्षार नळीत राहतो आणि हवेतील ओलावा ओढून घेतो. तेल लावले तरी तेलाखाली गंज चढत असे. गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतण्याची शिस्त यासाठीच होती, कारण क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. या गंजाचे रासायनिक कारण नीट उलगडले ते पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात. पाण्याचा उपाय मात्र त्याआधीच रूढ झाला होता. कोकणातल्या किंवा बंगालमधल्या पावसाळ्यात न झाडलेली नळीसुद्धा दुर्लक्षामुळे गंजून वाया जाऊ शकते.

तीन उपाय

कॉर्डाइटच्या झिजेवर ब्रिटिशांनी तीन वाटांनी उपाय शोधले.

पहिली वाट खाचा बदलण्याची. १८९५ मध्ये एनफिल्डच्या कारखान्यात आखलेली पाच खाचांची, अधिक खोल आणि चौकोनी कडांची नळी त्याच रायफलला बसवण्यात आली. यंत्ररचना लीचीच राहिली, मेटफर्डचे नाव गेले आणि रायफल ली-एनफिल्ड झाली. रायफलच्या नावात झालेला हा बदल मुख्यतः नळीच्या झिजेची नोंद आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

दुसरी वाट दारू बदलण्याची. बोअर युद्धात तोफा आणि रायफली दोन्हींच्या नळ्यांवर ताण आला. त्यानंतर सुधारित कॉर्डाइट तयार झाले. त्यात नायट्रोग्लिसरीन ५८ वरून ३० टक्क्यांवर आणले आणि गनकॉटन ६५ टक्के केले. जाळ थंडावला आणि नळीचे आयुष्य वाढले. त्याची किंमत म्हणून तेवढाच वेग मिळवण्यासाठी दारू थोडी जास्त घालावी लागली. मूळ मिश्रणातले व्हॅसलीनही नळीला वंगण मिळावे या अपेक्षेने घातले होते. त्याचा खरा उपयोग वेगळाच निघाला. साठवणीत कॉर्डाइट लवकर बिघडू नये यासाठी ते कामी आले, म्हणून पुढेही टिकले.

तिसरी वाट नळीच बदलण्याची. ली-एनफिल्डची नळी मुख्य सांगाड्यात आट्यांनी घट्ट बसवलेली असते. ती काढून नवी बसवणे, काडतुसाच्या बैठकीचे अंतर पुन्हा जुळवणे आणि नेम पुन्हा बसवणे, हे शिपायाचे काम नव्हे. त्यासाठी कार्यशाळा, हत्यारे आणि कुशल कारागीर लागतात. म्हणून नळी बदलायची की अजून वापरायची, हा प्रश्न खर्चाचा होतो.

'संपली' हे कोण ठरवतो?

सैन्यातील आर्मररकडे मोजमापाच्या पोलादी दांड्या असत. नळीचा मूळ व्यास ०.३०३ इंच. त्या मापाची दांडी नळीतून सहज पार गेली पाहिजे, नाहीतर नळी वाकलेली किंवा आत गोळा अडकलेली. त्याहून हजारांश इंचांनी जाड असलेल्या दांड्या मात्र जाता कामा नयेत. जाड दांडी गळ्यात किंवा तोंडात ठरावीक मर्यादेपलीकडे शिरली, तर नळी बाद.

ही पद्धत सोपी आणि सर्वत्र सारखी असल्याने सैन्याला सोयीची होती. पण ती अप्रत्यक्ष आहे. खरा निकष एकच : गोळी हवी तिथे लागते का? लक्ष्यावर गोळ्यांचा घोळका पसरू लागला किंवा छिद्र गोल न पडता लांबट पडू लागले, तर गोळी हवेत आडवी होत आहे, म्हणजे खाचा तिला फिरवत नाहीत. कधी कधी मापात बसणारी नळी वाईट मारा करते आणि मापाबाहेरची नळी चांगला. शिवाय चुकीचा नेम म्हणजे झिजलेली नळी असेही नाही. बोअर युद्धाच्या सुरुवातीला नव्या ली-एनफिल्ड रायफली एका बाजूला मारतात अशी तक्रार आली, तेव्हा दोष नेमाच्या माशीत निघाला, नळीत नव्हे.

विद्यार्थ्यांनी इथे एक सावधगिरी शिकावी. 'या रायफलच्या नळीचे आयुष्य इतक्या हजार गोळ्या' असे आकडे पुस्तकांत वेगवेगळे आढळतात. असा आकडा दिसला की चार प्रश्न विचारावेत : दारू कोणती होती? गोळीबार किती वेगाने झाला? नळी कशी साफ केली जात होती? आणि 'आयुष्य संपले' हे कोणत्या निकषाने ठरवले? नेमबाजीच्या स्पर्धकाने बाद केलेली नळी युद्धातल्या शिपायाला अनेक वर्षे पुरते. निकष न सांगता दिलेला आकडा अर्धवट आहे.

भारतातील कथा : कोणाला कोणती नळी?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात या साखळीचे तीनही दुवे तयार झाले. कलकत्त्याजवळ इशापूर येथे रायफलचा कारखाना निघाला आणि तिथे नळ्या बनू लागल्या. निलगिरीत अरुवनकाडू येथे कॉर्डाइटचा कारखाना उभा राहिला. पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनच होता. तिथल्या .३०३ काडतुसांच्या बुडावर इंग्रजी 'के एफ' ही अक्षरे असत. बंगालची नळी, निलगिरीची दारू आणि खडकीचे काडतूस अशी ही जोडणी होती.

पण शस्त्रे तयार होणे आणि ती मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी. १८५७ नंतर भारतीय पलटणींना ब्रिटिश पलटणींपेक्षा एक पिढी मागची बंदूक देण्याचे धोरण होते. १८९७ च्या तिराह मोहिमेत ब्रिटिश शिपायांकडे .३०३ होती, तर भारतीय शिपाई मार्टिनी-हेन्रीतून काळी दारू झाडत होते आणि प्रत्येक बारासरशी धुराने आपली जागा उघडी करत होते. १९१४ मध्ये भारतीय सैन्य फ्रान्समध्ये मार्सेय येथे उतरले, तेव्हा नव्या काडतुसाशी जुळावे म्हणून त्यांच्या जवळच्या रायफली बदलून नव्या द्याव्या लागल्या. लढाई युरोपात असल्यावर जी तातडी दिसली, ती सरहद्दीवर दिसली नव्हती.

जुन्या झालेल्या रायफलची उतरंडही अशीच असे. लढणाऱ्या पलटणीतून ती राखीव साठ्यात, तिथून पोलिसांकडे आणि शेवटी कवायतीसाठी जाई. काही रायफलींवर तार गुंडाळून त्या हातबाँब फेकण्यासाठी वापरल्या. काहींच्या नळीत .२२ ची नवी नळी बसवून त्या सरावासाठी ठेवल्या. साध्या शिशाची, कमी वेगाची .२२ गोळी नळी फारच हळू झिजवते. इशापूरमध्ये .३०३ च्याच सांगाड्यावर ०.४१० इंच गुळगुळीत नळीच्या बंदुकाही बनल्या आणि त्या पोलीस व पहारेकऱ्यांकडे गेल्या. त्यांत खाचा नव्हत्याच. लांबवर अचूक मारा करणारे शस्त्र त्यांच्या हाती नको, हा विचार त्यामागे स्पष्ट दिसतो.

महायुद्धे : नळी हाही दारूगोळाच

मशीनगन आल्यावर नळीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. व्हिकर्स मशीनगनची नळी सुमारे दहा हजार गोळ्यांनंतर बदलावी, असा संकेत होता. २४ ऑगस्ट १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर एका ब्रिटिश कंपनीच्या दहा मशीनगननी बारा तासांत जवळजवळ दहा लाख गोळ्या झाडल्या आणि शंभर नळ्या वापरल्या, अशी कथा प्रसिद्ध आहे. ती एका अधिकाऱ्याच्या नंतर लिहिलेल्या आठवणींवर आधारलेली असल्यामुळे काही अभ्यासक तिच्याकडे संशयाने पाहतात. भागाकार केला तर नळीमागे दहा हजार गोळ्या येतात, म्हणजे आकडा संकेताशी जुळतो. पण जुळणारा आकडा म्हणजे पुरावा नव्हे. संकेत माहीत असलेला माणूस तसा आकडा सहज लिहू शकतो.

झिजेचे टोकाचे उदाहरण म्हणजे मार्च १९१८ मध्ये जर्मनांनी पॅरिसवर सुमारे १२० किलोमीटरवरून मारा केला ती तोफ. प्रत्येक बारानंतर तिची नळी इतकी रुंदावत असे की गोळ्यांना क्रमांक दिलेले होते आणि पुढचा गोळा आधीच्यापेक्षा किंचित जाड असे. क्रम चुकवून चालत नसे.

१९३० च्या दशकाअखेर आलेल्या ब्रेन गनमध्ये शिपाई स्वतः काही सेकंदांत नळी बदलू शकत असे. एक तापली की दुसरी लावायची आणि पहिली थंड होऊ द्यायची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जड मशीनगनच्या गळ्यात उष्णता सोसणाऱ्या कोबाल्टच्या मिश्रधातूची बाही बसवली. जपानने १९३९ च्या नमुन्याच्या रायफलीत नळीला आतून क्रोमियमचा मुलामा दिला. पुढे हा मुलामा जगभरच्या लष्करी रायफलींत रूढ झाला, कारण तो उष्णता आणि गंज दोन्ही अडवतो.

समारोप

चरबीच्या काडतुसापासून क्रोमियमच्या मुलाम्यापर्यंतचा हा प्रवास एकाच प्रश्नाभोवती फिरतो : गोळी आणि नळी यांच्या मधल्या त्या केसाएवढ्या जागेत काय घडते? त्याचे उत्तर दारू बदलली की बदलत गेले. पण 'आता नळी बदलावी' हा निर्णय कधीच त्या जागेपुरता राहिला नाही.

आजच्या चर्चेतही हे उपयोगी आहे. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात रेल्वे स्थानकावरील पोलिसांकडे .३०३ रायफली होत्या आणि त्यानंतर जुन्या शस्त्रांवर बरेच लिहिले गेले. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी या रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला. अशा वेळी 'जुने' आणि 'झिजलेले' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. क्वचितच झाडलेली सत्तर वर्षांची नळी निर्दोष असू शकते आणि रोज झाडलेली पाच वर्षांची नळी निकामी. रचना जुनी होणे, नळी झिजणे आणि सराव न मिळणे हे तीन वेगळे दोष आहेत. तिन्हींची जबाबदारी वेगवेगळ्या टेबलांवर असते. ते वेगळे ओळखणे हे जसे आर्मररचे काम आहे, तसेच इतिहासाच्या विद्यार्थ्याचेही.

स्वाध्याय

१. काळ्या दारूसाठी योग्य असलेली मेटफर्डची नळी कॉर्डाइटसाठी अयोग्य का ठरली?

२. नळीचा गळा आणि नळीचे तोंड यांच्या झिजेची कारणे वेगळी कशी आहेत, ते स्पष्ट करा.

३. सोमच्या मशीनगनच्या कथेची सत्यता तपासण्यासाठी आपण कोणती कागदपत्रे शोधाल? नळ्यांच्या मागणीच्या नोंदी इथे कशा उपयोगी पडतील?

४. १८५७ नंतरच्या शस्त्रवाटपाच्या धोरणात 'जुने शस्त्र' या कल्पनेचा राजकीय वापर कसा झाला, यावर टिपण लिहा.